तळ्याचा काठ कोणाचा?

मागच्या कार्तिकात माझा भाचा पुण्याहून चौसाळ्यास आला तो दोन गोष्टी बरोबर घेऊन. एक, मासे धरण्याचा लांबलचक विलायती गळ. आणि दुसरी, माझी अडीच एकर जमीन विकत घेण्याचा विचार. ही जमीन आमच्या शिवारातल्या पाझर तलावाच्या काठाला आहे. पाऊस बरा झाला होता, तलाव काठोकाठ होता, आणि पहिल्याच सकाळी त्याच्या गळाला चांगला दीड-दोन किलोचा रोहू लागला. झाले! संध्याकाळी ओट्यावर बसून तो म्हणाला, "मामा, एवढा पाण्याचा काठ पुण्याजवळ असता तर कोटीच्या खाली कोणी बोलले नसते. मी इथे लहानसे घर बांधतो, भोवती तारेचे कुंपण घालतो. माणसाला स्वतःचे तळे असावे."

किंमत त्याने चांगली सांगितली. कोरडवाहू अडीच एकरांत पोटापुरती ज्वारी-तूर होते. म्हातारपणी हाताशी पैसा असावा असे मलाही वाटते. मोह झाला नाही असे म्हणालो तर ते खोटे होईल. परंतु 'स्वतःचे तळे' हे त्याचे शब्द मनात खुपत राहिले. मी शाळेत उभा जन्म इतिहास शिकवला. त्या सवयीने मी स्वतःलाच विचारले : आपल्या मुलखात तळ्याचा काठ विकत घ्यायचा, म्हणजे नेमके काय विकत घ्यायचे?

भाच्याची कल्पना कोठून आली हे उघड आहे. तो काही वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात होता. तिकडची सरोवरे हिमयुगाने कोरलेली. पाणी बारा महिने जवळजवळ एकाच रेषेवर. काठाला घर, घरासमोर लाकडी धक्का, धक्क्याला होडी. इंग्लंडात तर गळाने मासे धरणे हे सभ्य गृहस्थाचे व्यसन. आयझॅक वॉल्टनचा त्यावरचा ग्रंथ १६५३ चा आहे. तेथल्या जुन्या कायद्याप्रमाणे, भरती-ओहोटी न पोचणाऱ्या नदीचा काठ ज्याचा, त्याचाच मध्यधारेपर्यंत तळ आणि त्या तळावरच्या माशांवर हक्क, असे मानले जाते. हीच हौस घेऊन साहेब इकडे आला. मद्रासकडील एक सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर जाडजूड पुस्तकच लिहिले.

परंतु आपल्याकडचा हिशेब अगदी निराळा. महाराष्ट्रात निसर्गाने केलेले म्हणून नाव घ्यावे असे सरोवर लोणारचे; ते उल्केच्या आघाताने झालेले, आणि त्याचे पाणी इतके खारे की त्यात मासा जगत नाही. बाकी बहुतेक सारी तळी माणसाने बांधलेली. आणि बांधलेल्या पाण्याला पहिल्यापासून मालक असतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी सोडवून ठेवला आहे : बांध घालून अडवलेल्या पाण्यातले मासे, तेथली नाव-उतार आणि तेथला भाजीपाला यांवर स्वामित्व राजाचे. लोकांनी तळे बांधावे, त्यासाठी राजाने जमीन, वाट, सामान द्यावे. पण मासा राजाचा. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम उघडून पाहिला तर भाषा बदलली आहे, गोष्ट तीच. नद्या, नाले, सरोवरे आणि तळी यांचे तळ व त्यांतले पाणी, कोणा व्यक्तीची मालकी शाबीत नसेल तर, शासनाचे.

मग काठावरच्या माणसाला काही नव्हतेच काय? होते, आणि ते पाहायला विदर्भात जावे लागते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या भागांत कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांधचे विस्तीर्ण तळे कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेले आहे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणत. तळे मालगुजाराचे खरे, पण पाण्यावर गावाचा निस्तार-हक्क, गुरांना उतरायला वाट आणि ढीवरांना मासेमारीची वहिवाट. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. एका तळ्याचे किती धनी असू शकतात, हे त्या तलावांइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. कागदावर एकाचे नाव. पाण्यात मात्र साऱ्या गावाचे पाय.

मोठी धरणे आली तेव्हा ही गुंतागुंत एका फटक्यात सुटली, म्हणजे तोडली गेली. मुळशीची कथा मराठी वाचकांस सांगायला नको. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी मुळा नदी अडवायची ठरली आणि १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिलला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून 'सेनापती' झाले. १९२४ पर्यंत लढा चालला, मोडला, आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. आज त्याच मुळशीच्या काठाला जमिनीच्या जाहिराती असतात. 'खिडकीतून तळे दिसेल' या एका वाक्यावर भाव चढतो. ज्यांची खाचरे बुडाली त्यांच्या नातवंडांपैकी कोणी त्या बंगल्यांची राखण करीत असेल, तर नवल नाही.

त्याच डोंगरांत वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा नावाचे नगर उभे राहू लागले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. पाण्याचे दर्शन विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण घराची वाट पाहत राहिले.

माशाची गोष्ट आणखी मौजेची आहे. भाच्याच्या गळाला लागलेला रोहू मूळचा मांजरेचा नव्हे. रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे. बांधलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन करून दाखवले, तेव्हापासून मत्स्यबीज हुकमी तयार होऊ लागले आणि देशभरच्या तलावांत सोडता येऊ लागले. आपण ज्याला चिलापी म्हणतो तो मासा तर मूळ आफ्रिकेचा, हिंदुस्थानात आला १९५२ साली. मराठवाड्याचे घरचे मासे म्हणजे मरळ, वाम, शिंगी. तेव्हा 'येथे मासा चांगला लागतो' याचा खरा अर्थ असा की कोणीतरी श्रावण-भाद्रपदात बोटुकली विकत आणून पाण्यात सोडली आहेत. आमच्या तलावात ती भोयांच्या सहकारी संस्थेने सोडली होती, ठेक्याचे पैसे भरून. भाच्याने हौसेने धरलेला रोहू हा हिशेबाने त्या संस्थेचा होता. हे कळल्यावर तो बिचारा ओशाळला आणि दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेला. म्हाताऱ्या भोयाने घेतले नाहीत. "पाव्हणं हायती, एखादा खाल्ला तर काय झालं," म्हणाला. मग सहज विचारले, "पर कुंपण घालणार म्हंत्यात, खरं का?"

हा प्रश्न त्याने का विचारला ते समजण्यासाठी आमच्या तलावाची जन्मकथा सांगितली पाहिजे.

चौसाळा हे बालाघाटच्या पठारावरचे गाव. दक्षिणेला मांजरा, पलीकडे धाराशिव जिल्हा; उत्तरेला मांजरसुंब्याचा घाट उतरला की बीड. पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटर, आणि सरासरी हा शब्द आमच्याकडे फार फसवा. १९७२ साली पाऊस गेला. त्या वेळी मी वीस-बावीस वर्षांचा होतो. सारे शिवार दुष्काळी कामावर : कोणी खडी फोडतो आहे, कोणी मातीची पाटी वाहतो आहे. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांवर दिवस काढले. त्या काळात मराठवाड्यात गावोगाव पाझर तलाव झाले, आमचाही त्यांतलाच. आमची सहा एकर जमीन होती. खालची साडेतीन एकर, काळी, विहीर असलेली, तलावात गेली. वरची मुरमाड अडीच एकर राहिली. वडिलांनी स्वतःच्या शेतावर मातीची पाटी वाहून स्वतःचे शेत बुडवले आणि त्याची मजुरी घेतली. मोबदल्याचा कागद पुढे फार वर्षांनी आला. त्याविषयी आता तक्रार नाही. शेजारच्या विहिरींना पाणी वाढले, गाव तगले.

त्याच कामावर भोई आळीची माणसे होती. एकेकाळी पालखी वाहणारा, नदीला माणसे उतरवणारा हा समाज; पालख्या गेल्या, पूल झाले, उरली मासेमारी. तलाव भरला तेव्हा वडिलांनी त्यांना आमच्या अडीच एकरांच्या कडेने पाण्यापर्यंत वाट दिली. कागद नाही, साक्षीदार नाही. "आपलं शेत पाण्यात गेलं, त्यांनी तरी पाण्यात जावं," एवढेच ते म्हणाले. पन्नास वर्षे ती वाट चालू आहे. गुरेही त्याच वाटेने पाण्यावर जातात. दुसरीकडे खडक आणि बांधाची भिंत. उतरायला जागा नाही. भाच्याचे कुंपण पडले असते ते नेमके या वाटेवर.

आणि काठ म्हणावा तर तो तरी कोठे एका जागी राहतो? मी भाच्याला वहीवर गणित मांडून दिले. तळाचा उतार शंभरास एक असेल, तर पाणी एक मीटर उतरले की काठ शंभर मीटर मागे जातो. आमच्या उन्हात उघड्या पाण्यातून वर्षाकाठी सुमारे दीड-दोन मीटर पाणी तर नुसते वाफ होऊन जाते. शिवाय पाझर तलाव झिरपण्यासाठीच बांधलेला. पाणी हटते तेथे उघडी पडणारी जमीन विकत घेणाऱ्याची होत नाही; ती सरकारचीच राहते. मोठ्या धरणांवर तिला गाळपेर म्हणतात आणि हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात, त्यात धरणग्रस्तांचा मान पहिला. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. तो नाथसागर पसरट, सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरांचा. तेथे पाणी उतरू लागले की काठ मैलभर दूर जातो. मांजरा धरणाची गोष्ट तर ताजी आहे. केज तालुक्यात धनेगावला अडवलेले हे पाणी लातूर शहर पिते. ते आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात मांजरेच्या काठावर कोणी घर बांधून बसला असता, तर त्याच्या खिडकीतून भेगाळलेली माती दिसली असती.

"तू वैशाखात ये," मी भाच्याला म्हटले, "आणि मग भाव सांग."

तो आला, हे त्याला शोभले. होळीलाच तलाव तळाला गेला होता. जेथे त्याने गळ टाकला होता तेथे शेळ्या चरत होत्या. मधोमध, आमच्या जुन्या विहिरीच्या काठाचे दगड उघडे पडले होते. मी त्याला तेथवर चालत नेले. आईच्या माहेरची विहीर त्याने प्रथमच पाहिली. पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, म्हणजे मी पाणी घेत नाही, मासा घेत नाही, तळही घेत नाही. मग घेतो काय?"

"शेजार घेतोस," मी म्हणालो. दुसरे उत्तर मला सुचले नाही.

यातून पुढे काय झाले ते सांगून थांबतो. जमीन महसूल अधिनियमात 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या एका नोंदीची तरतूद आहे. नाव फारसी, वळण जुन्या महसुली कारभाराचे. सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर वा पाण्यावर गावाचे जे वहिवाटीचे हक्क असतील, जाण्यायेण्याची वाट, पाणी घेणे, मासेमारी, ते तीत लिहून ठेवायचे असतात. वडिलांनी तोंडी दिलेली वाट तीत लिहून घ्यावी आणि सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यातही तिची नोंद व्हावी, असा अर्ज मी दिला आहे. अर्जावर माझी सही आहे; साक्षीदार म्हणून भाच्याची आहे. मराठीत सही करायला तो जरा अडखळला, पण केली.

नोंद झाल्यावर जमिनीचा व्यवहार करायचा की नाही हे ठरेल. वाटेमुळे भाव पडेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. किती पडेल, ते त्याने अजून सांगितलेले नाही आणि मीही विचारलेले नाही. यंदा पुन्हा तलाव भरला आहे. परवा म्हातारा भोई त्याच वाटेने बोटुकल्यांचे डबे घेऊन खाली उतरला. जाताना ओट्याजवळ थांबून त्याने विचारले, "पाव्हणं दिवाळीला येणार हायती का?"

मी म्हणालो, "येणार आहे. गळ घेऊन."

"येऊ द्या," तो म्हणाला.