डोळा राखणारा धावपटू

१९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटरची शर्यत फिनलंडच्या पावो नुर्मीने जिंकली, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच शर्यतीत दुखावलेल्या पायाने धावून तिसऱ्या आलेल्या इंग्रज तरुणाचे नाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ते नाव हायला ब्रिस्टो स्टॅलर्ड. पुढे ते लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात शल्यचिकित्सक झाले, आणि नेत्रकर्करोगाच्या उपचारास त्यांनी नवी दिशा दिली.

त्या काळी या रोगावर एकच खात्रीचा उपाय मानला जाई : डोळा काढून टाकणे. लहान मुलांना दृष्टिपटलाचा कर्करोग होतो, तेव्हा बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढुरकी चमक दिसू लागते. काही मुलांत तो दोन्ही डोळ्यांत उद्भवतो. मग जीव राखावा तर जन्माचे आंधळेपण, दृष्टी राखावी तर मृत्यूचे भय, अशी आईबापांची कोंडी होई. बाहेरून क्ष-किरण सोडावे, तर डोळ्याचे भिंग आणि चेहऱ्याची कोवळी हाडे यांना अपाय होई.

१९३०च्या सुमारास लंडनमधीलच फॉस्टर मूर यांनी डोळ्यातील अर्बुदात रेडॉन वायूच्या सूक्ष्म नळ्या रोवून पाहिल्या होत्या. स्टॅलर्डांनी तो धागा पुढे नेला. नेत्रगोलाच्या वळणाबरहुकूम घडवलेल्या चकतीत त्यांनी किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० वापरले. ही चकती अर्बुदाच्या नेमकी पाठीमागे, डोळ्याच्या पांढऱ्या आवरणावर टाके घालून बसवावयाची, काही दिवस ठेवावयाची आणि मात्रा पुरी होताच काढून घ्यावयाची. किरणांचा जोर अर्बुदावर सर्वाधिक व इतरत्र कमी, हे त्यातील मर्म.

प्रौढांच्या डोळ्यातील मेलानोमा या कर्करोगावरही त्यांनी हाच उपचार केला, आणि १९६६ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. शंका घेणारे होतेच, आणि त्यांची शंका रास्त होती : डोळा राखण्याच्या मोहात रुग्णाचा प्राण तर पणास लागत नाही ना? शिवाय कोबाल्टचे किरण दूरवर शिरत. त्यांनी काही रुग्णांची दृष्टी पुढे मंदावली.

१९७३ मध्ये स्टॅलर्ड निवर्तले. त्या शंकेचे उत्तर २००१ मध्ये मिळाले. अमेरिका व कॅनडातील १,३१७ रुग्णांच्या पाहणीत निम्म्यांचा डोळा काढला होता, निम्म्यांवर आयोडीन-१२५ची चकती बसवली होती. पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १९, तर दुसऱ्यात १८ भरले. मध्यम आकाराच्या मेलानोमात डोळा राखल्याने आयुष्य घटत नाही, हे सिद्ध झाले.

आपल्याकडे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ची चकती तयार केली, आणि २०२० मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ती रुग्णांच्या डोळ्यांवर बसवण्यात आली.

पॅरिसची शर्यत चार मिनिटांच्या आत संपली होती. या दुसऱ्या शर्यतीचा निकाल लागला, तेव्हा धावणारा हयात नव्हता.