दोन वायूंमधला पडदा

विलायतेतील विल्यम ग्रोव्ह हे गृहस्थ पेशाने वकील होते, पुढे न्यायाधीशही झाले. पण आज आपण त्यांचे नाव काढतो ते निराळ्याच कारणासाठी. विजेच्या योगाने पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन भाग होतात, हे तेव्हा माहीत झालेले होते. मग हेच दोन वायू पुन्हा एकत्र येताना वीज परत का देणार नाहीत? 1839 साली प्लॅटिनमच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडवून ग्रोव्हनी ती मिळवून दाखविली. पण घटातले आम्ल सांडणारे आणि धातू खाणारे. शतकभर ही युक्ती बहुतांशी प्रयोगशाळेतच राहिली.

आम्लाचा गुण ठेवून त्याचे पातळपण तेवढे काढता आले तर? या प्रश्नाचे उत्तर आले ते भलत्याच दारातून, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्यांकडून. 1935 साली लंडनजवळ टेडिंग्टन येथे अ‍ॅडम्स व होम्स यांनी अशी कृत्रिम राळ केली की, ती पाण्यातले क्षारांचे धनभारित कण धरून ठेवी व बदल्यात आपल्याजवळचे सोडी. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा चुरा करून त्यांनी प्रारंभ केला अशी आख्यायिका आहे. आम्हांस ती आवडते, इतकेच म्हणतो. पुढे अमेरिकेत पॉलिस्टायरीनवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून असेच द्रव्य मिळाले. त्याचे मर्म सोपे आहे. आम्लाचा ऋणभारित गट रेणूंच्या साखळीला कायमचा जखडलेला असतो, आणि त्याचा धनभारित जोडीदार ओलाव्यातून मोकळा फिरतो. याचा पातळ पापुद्रा केला की तो देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा वागतो: धनभारितांना वाट, ऋणभारितांना बहुधा मज्जाव. त्याच्या जोडीला उलट स्वभावाचा दुसरा पापुद्रा ठेवून वीज सोडली, की मचूळ पाण्यातले मीठ दोहों बाजूंनी निघून जाते. कॅलिफोर्नियातील कोलिंगा या गावाला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागे. 1959 साली तिथे असे यंत्र बसले आणि गाव आपल्याच विहिरींचे पाणी पिऊ लागले.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील थॉमस ग्रब यांनी 1955 साली हाच पापुद्रा ग्रोव्हच्या दोन वायूंमध्ये उभा केला. आम्ल होते, पण सांडण्याजोगे नव्हते! तीन वर्षांनी त्यांचे सहकारी लेनर्ड नीड्राख यांनी त्यावर प्लॅटिनम बसविण्याची रीत काढली. ऑगस्ट 1965 मध्ये जेमिनी-5 यानातून कूपर व कॉनरॅड आठ दिवस पृथ्वीभोवती फिरले ते या घटांच्या विजेवर. उड्डाणानंतर लवकरच प्राणवायूच्या टाकीतला दाब धोक्याइतका उतरला आणि मोहीम अर्ध्यावर सोडावी लागते की काय, अशी वेळ आली. दोष टाकीच्या तापकाचा होता, पडद्याचा नव्हे. पण पडदाही निर्दोष नव्हता. घटात उपजणारी पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्ये पॉलिस्टायरीनमधील कार्बन-हायड्रोजनचे बंध तोडीत, पडदा झिजे. घटातून निघणारे पाणी जेमिनीच्या प्रवाशांना पिताही येत नसे. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांनी हा घट सोडून बेकन या इंग्रज अभियंत्याचा अल्कलीचा घट पत्करला.

ड्यूपाँट कंपनीतील वॉल्टर ग्रोट यांनी 1960 नंतरच्या दशकात यावर उपाय काढला. टेफ्लॉनच्या साखळीलाच त्यांनी गंधकाम्लाचे गट जोडले. हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन असल्याने हल्ल्याला फारशी जागा उरली नाही. हाच नॅफिऑन. मिठापासून क्लोरीन व कॉस्टिक सोडा करणाऱ्या कारखान्यांतून त्याच्या पडद्यांनी पाऱ्याला पुष्कळ अंशी हटविले, आणि हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारींतही त्याच्याच जातीचे पडदे असतात.

मात्र जो बंध घटात तुटत नाही, तो नदीत आणि मातीतही सहजी तुटत नाही. अशा फ्लोरिनयुक्त द्रव्यांवर व्यापक निर्बंध घालावेत, असा प्रस्ताव जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन या पाच देशांनी 2023 साली युरोपपुढे मांडला. ज्या फ्लोरिनवाचून पडदा टिकेना, त्याच्यावाचून तो टिकवायचा कसा? म्हणून अनेक संशोधक पुन्हा फ्लोरिनविरहित साखळ्यांकडे वळले आहेत. बेंझिनची कडी साखळीतच गुंफून तिला गंधकाम्लाचे गट जोडायचे, असा त्यांचा प्रयत्न आहे. पण गट कमी पडले तर वीज वाहत नाही, आणि फार झाले तर पडदा पाण्याने फुगून लिबलिबीत होतो.