बुद्रुक का खुर्द?

मी जन्मभर भोंगे भाड्याने दिले. लग्न, हरिनाम सप्ताह, निवडणुकीची सभा, आणि पौषात आमच्या कोल्हारच्या भगवतीदेवीची यात्रा भरली की तमाशा. आहुजाचा अँप्लिफायर, दोन भोंगे, दोन माइक आणि लाइट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी, एवढा माझा पसारा. माझी जागा स्टेजच्या डाव्या अंगाला, कनातीला खेटून. ढोलकी कडाडली की आवाज उतरवायचा, सोंगाड्या बोलायला लागला की चढवायचा. सोंगाड्या काही माइकसमोर गुपचूप उभा राहत नाही. तो दोन पावलं मागे सरतो, उडी मारतो, सरदाराच्या पाठीआड लपून बोलतो. त्याचा शेवटचा शब्द पब्लिकपर्यंत गेला नाही तर पहिली शिवी भोंगेवाल्याला. त्यामुळे तमाशातला नाच मी फारसा पाहिला नाही, सोंगाड्या-सरदाराची बतावणी मात्र अक्षर न् अक्षर ऐकली. पुलाजवळच्या टपरीवर चहाला बसणाऱ्या आमच्या मंडळींना हे मान्य नाही.

भांडण एका जोकचं आहे. कोल्हार बुद्रुक प्रवरेच्या एका काठाला, कोल्हार खुर्द दुसऱ्या काठाला, आणि मध्ये नगर-मनमाड रस्त्याचा पूल. एका यात्रेत सरदाराने सोंगाड्याला विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?"

"कोल्हार, जी."

"बुद्रुक का खुर्द?"

"जन्म खुर्दाचा, लगीन बुद्रुकात."

"मग राहतो कुठं?"

"पुलावर."

इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे सरदार विचारतो, "पुलावर का म्हणून?" आणि सोंगाड्या जे बोलला त्यावर कनात अर्धी खाली आली होती. काय बोलला? मी सांगतो: "आई त्या काठाला, सासू ह्या काठाला, कुनाचं ऐकू येत नाय अशी मधली जागा धरली." आमचे एक निवृत्त गुरुजी छातीवर हात ठेवून सांगतात, तो म्हणाला, "दोन्हीकडं उधारी हाये." दूध डेअरीत कामाला होते ते मामा म्हणतात, तुमचं दोघांचंही खोटं, तो बोललाच नाही, नुसतं सरदाराकडे बघून एक पाय खुर्दाकडे आणि एक बुद्रुकाकडे टाकला. कोणता फड, कोणतं साल, यावरही एकमत नाही. गुरुजी दुष्काळाच्या आधीचं म्हणतात, मामा नंतरचं.

बाहेरच्याला हा रिकामटेकडेपणा वाटेल. पण तमाशाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला शेवटी अशाच टपऱ्यांवर यावं लागतं, कारण त्याच्या कामाचं दुसरीकडे फारसं काही सापडत नाही. गणात काय म्हणायचं हे शाहिराने बांधून ठेवलेलं असतं. राम जोशी, आमच्या प्रवरेच्याच वरच्या अंगाला संगमनेरचे अनंत फंदी, नंतर पठ्ठे बापूराव, यांच्या रचना लोकांनी पाठ केल्या, पुढे छापल्याही. सावळजच्या उमा-बाबूंनी 1865 च्या सुमाराला ‘मोहना बटाव’ रचला आणि तिथून वग सुरू झाला असं मानतात. त्यानंतर वगांनाही बाडं आली. बतावणीला मात्र बाड नाही. गण झाला, गौळण झाली, मावशी आणि पेंद्याचं हसं झालं, की आत बायका वगासाठी कपडे बदलतात. तेवढा वेळ बाहेर दोघंजण उभे राहून जे बोलतात ती बतावणी. आत तयारी झाली की कनातीमागून खूण येते आणि चाललेला जोक आहे तिथे मोडून वग सुरू. काही बतावण्यांना शेवटच नव्हता याचं हे साधं कारण आहे.

लिहून न ठेवण्यात सोंगाड्याचा फायदाही होता. जोक ही त्याची पोटापाण्याची चीज. आज कोल्हारला, उद्या राहुरीकडे, परवा आणखी कुठे. गावोगाव तेच लोक बैलगाडीने, पुढे मोटारसायकलीने मागे येत. एका फडाचा सोंगाड्या दुसऱ्या फडाच्या कनातीत घोंगडी पांघरून बसलेला मी स्वतः पाहिला आहे. माझ्याकडे टेपरेकॉर्डर आला तो सुरुवातीला देवीची गाणी वाजवायला. एकदा बतावणी चालू असताना मी त्यात कोरी कॅसेट घातली, तर फडाचा मॅनेजर येऊन हात जोडून म्हणाला, "भाऊ, एवढं करू नका. पुढच्या गावाला आम्ही काय बोलायचं?" मी कॅसेट काढली. त्याचं बरोबर होतं.

बतावणी कागदावर न येण्यात सरकारचाही हात आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी आणली, मग तमाशा सुधार समिती नेमली आणि बंदी उठली ती अटी घालून. 1954 मध्ये रंगभूमीच्या प्रयोगांसाठी परिनिरीक्षण मंडळ आलं. मंडळाला संहिता लागते. आता रोज रात्री गावातल्या सरपंचाचं, सोसायटीच्या चेअरमनचं, ऊस वजन करणाऱ्याचं नाव घालून जे बोलायचं, त्याची संहिता कुठून आणणार? कागदावर जायचं ते सोज्वळ, आणि कनातीत उडायचा तो फटाका वेगळा. त्यामुळे जिथे कागद जपले गेले तिथेही हशा सापडेल अशी मला आशा नाही.

आमच्या भागात हे फटाके जास्त उडाले, त्याला कारण साखर. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 च्या आसपास तो सुरू झाला, आणि ऊसवाल्याच्या हातात एकदम रोख पैसा आला. गावच्या पंचांना फडाला सुपारी द्यायला हात आखडता घ्यावा लागेना. तिकडे नारायणगावला फडांच्या राहुट्या पडायच्या, पंच तिथे जाऊन यात्रेची तारीख पक्की करायचे. संगमनेरात तर तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचं घराणंच. खेडकर 1964 मध्ये गेले, कांताबाईंनी पुढे स्वतःचा फड चालवला, आणि मुलगा रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून नावारूपाला आला. कांताबाई 2021 च्या मे महिन्यात कोरोनाने गेल्या. त्या दिवशी टपरीवर कोणी जोक सांगितला नाही.

वग लिहिलेला असला तरी हशा त्यात असतोच असं नाही, याचा मोठा पुरावा दादू इंदुरीकर. मावळातल्या इंदोरीचे. ‘गाढवाचं लग्न’ हा वग हरिभाऊ वडगावकरांचा, त्यात सावळ्या कुंभार दादूंचा आणि गंगी प्रभा शिवणेकरांची. कथा कोणीही सांगेल: शापित गंधर्व गाढव होतो आणि त्याला राजाची मुलगी हवी असते. पण सावळ्या आणि गंगी यांची जुगलबंदी रोज वेगळी व्हायची, आणि दादू 1980 मध्ये गेल्यावर ती कशी होती हे पाहिलेल्यांनाच ठाऊक. पुढे तोच वग दुसऱ्या नटांनी रंगवला, 2007 मध्ये मकरंद अनासपुरेंचा सिनेमाही आला. गुरुजी सिनेमा पाहून आले आणि वाटेत प्रत्येकाला थांबवून "मूळचं असं नव्हतं" सांगत सुटले. मग मूळचं कसं होतं? तीन वाक्यं सांगून गुरुजी थांबले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’चंही तेच. ते छापील नाटक आजही वाचता येतं, पण दादा कोंडक्यांनी त्या त्या आठवड्याच्या राजकारणावर जे मारलं ते पुस्तकात नाही. त्यांनी नगरला कोणत्या मंत्र्याला धरलं होतं यावरून आमच्याकडे एकदा कपबशी फुटली आहे.

हे दुखणं एकट्या तमाशाचं नाही. इंग्लंडात बीबीसीने पीटर कुक आणि डडली मूर यांच्या कार्यक्रमाच्या बऱ्याच टेप पुसून पुन्हा वापरल्या, टेप महाग म्हणून. बीबीसीच्याच ‘डॅड्स आर्मी’ मालिकेच्या एका हरवलेल्या भागाचा नुसता आवाज बऱ्याच वर्षांनी सापडला. मुंबई दूरदर्शनवरही टेपवर टेप चढली, आणि दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाचे किती तरी भाग गेले. पण त्यांच्याकडे निदान पुसायला काहीतरी होतं.

आमच्या पुलाच्या जोकचा तपास मी थोडा पुढे नेला. दुसऱ्या जिल्ह्यातला एक जुना ढोलकीवाला माझ्याकडे माइक दुरुस्तीला आला होता. त्याला जोक ऐकवला तर तो हसलाच नाही. म्हणाला, हा तर आम्ही प्रत्येक जोडगावात करायचो. बुद्रुक-खुर्द महाराष्ट्रात पायलीचे पन्नास. जिथे नदी आहे तिथे पूल, नाही तिथे शीव. शेवट गावच्या पंचांकडे बघून ठरवायचा: उधारीवाला वाणी पुढे बसलेला असेल तर उधारी, नाहीतर सासू. म्हणजे गुरुजी आणि मी वेगवेगळ्या यात्रा आठवत असू, आणि दोघांचंही खरं असेल. हे टपरीवर सांगितल्यावर गुरुजी आणि मामा दोघंही नाराज झाले. गावाचा जोक भाड्याचा निघाला हे कोणाला आवडेल?

तरी एक गोष्ट ढोलकीवाल्यालाही माहीत नव्हती. त्या काळी आमच्या गावातल्या बायका तमाशाच्या कनातीत जात नसत. जोक त्यांच्यापर्यंत घरातला पुरुष नेई, तोही गाळून. माझी आई हाच जोक सांगायची, तिच्या शेवटात सोंगाड्या म्हणतो, "पुलावरून दोन्ही घरच्या चुली दिसत्यात. जिथं आधी धूर, तिथं जेवायला." सासू नाही, उधारी नाही, पाय फाकणं तर नाहीच. मामांचं म्हणणं, तुझ्या बापाने घरी येऊन नवाच जोक रचला. असेल. दारोदारी पोचला तो हाच, आणि आज गावातल्या पोरांना विचारलं तर चुलीचाच माहीत आहे. वाह्यात शेवट सांगणारे आम्ही तिघं-चौघंच उरलो.

आता फड स्वतःचा साउंड आणतात, भिंतीएवढे बॉक्स. पब्लिकला सिनेमातली गाणी हवीत, बतावणी उरकून घेतात. तरी अलीकडच्या यात्रेत एका सोंगाड्याने पुलाचा जोक काढला आणि माझ्या नातवाने मोबाइलवर घेतला. सकाळी टपरीवर सगळे त्या फोनवर वाकले. "राहतो कुठं?" स्पष्ट. "पुलावर" स्पष्ट. "का म्हणून?" स्पष्ट. पुढे सोंगाड्याने तोंड उघडलं आणि पब्लिकने असा गलका केला की शब्द ऐकूच येईना. नातवाने पुन्हा लावला, गुरुजींनी फोन कानाला धरला.

"उधारी," गुरुजी म्हणाले.

"सासू म्हनतोय, ओठ बघा की," मी म्हणालो.

मामांनी फोन हातात घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाय कुठं दिसत्यात ह्यात? पोरानं कमरेच्या वरचंच घेतलंय."