पंचेचाळीस मिलिमीटर

सकाळी ८.४०
मुंबईहून आलेली स्लीपर गाडी कोल्हापुरात आमच्या गॅरेजला लागली. ड्रायव्हरमामांची तक्रार एकच होती, पुढचं डावं चाक ब्रेकला खरडतंय. चाक उतरवलं, डिस्कला मायक्रोमीटर लावला. अवजड गाडीची ही डिस्क म्हणजे ४३० मिलिमीटर व्यासाची बिडाची जाड ताटली. नवी असते ४५ मिलिमीटर जाडीची, ३७ ला बाद. ही ३६.६ वर आली होती. उजवी मोजली तर तीही काठावर. दोन्ही बदलायच्या ठरल्या.

स्टोअरमध्ये एकच निघाली. दुसरी पुण्याहून पार्सलनं मागवली.

सकाळी ११.००
उजवी बाजू घेतली. आमच्या या एक्सलला डिस्क हबच्या आतल्या बाजूनं बसते, त्यामुळे बेअरिंगसकट अख्खा हब काढावा लागतो. जुनी डिस्क निघाली की हबचा फेस दिसतो. वर्षानुवर्षं पाणी आणि चिखल खाऊन त्यावर गंजाचे पापुद्रे धरलेले असतात. मिस्त्रींनी तो फेस वायर ब्रशनं खरवडला, एमरी मारली, फडक्यानं कोरडा पुसला आणि वरून नख फिरवून पाहिलं. बारा बोल्ट नवे घेतले. हे बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून एकदा काढलेला परत वापरायचा नसतो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं घेत आधी टॉर्क रेंचनं आवळले, मग कोन मोजून उरलेला पीळ दिला. शेवटी डायल गेज लावून डिस्क हातानं फिरवली. काटा ०.०६ च्या पुढं गेला नाही. आमची मर्यादा ०.१५.

या सगळ्याला दोन तास लागले. त्यात खरवडायला किती गेले म्हणाल तर पंधरा मिनिटं.

दुपारी ४.५०
पार्सल आलं. तोवर ऑफिसातून तीन फोन येऊन गेले होते. गाडी नऊला स्टॉपवर पाहिजे, सत्तावीस बुकिंग आहेत.

संध्याकाळी ५.३०
डाव्या हबचा फेस उजव्यापेक्षा वाईट होता. मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली होते, काम हाताखालच्या पोरानं घेतलं. त्यानं ब्रश दोन-चारदा फिरवला. मी म्हटलं, नीट खरवड. तो म्हणाला, “साहेब, बोल्ट आवळला की बसतंय की आपोआप.” मी घड्याळ बघितलं.

हे ‘आपोआप’ नीट समजून घ्या. बोल्ट डिस्कला नुसता धरून ठेवत नाही. तो डिस्क आणि हब एकमेकांवर दाबतो, आणि ब्रेकचा सगळा जोर त्या दाबलेल्या दोन पृष्ठभागांतल्या घर्षणातून जातो. मध्ये गंज राहिला की बोल्ट आवळताना घट्ट लागतो, रेंचही खोटं बोलत नाही. पण गाडी चालली, डिस्क तापली, की पापुद्रा चुरतो. चुरला की ताण गेला. मग घर्षणाचं काम बोल्टच्या दांड्यावर येतं. त्यासाठी तो केलेलाच नसतो.

संध्याकाळी ६.२०
रेंच मिस्त्रींकडे होता. पोरानं इम्पॅक्ट गन मारली. डायल गेज पेटीतच राहिला. जॉब कार्डावर सही माझी.

रात्री ९.१०
गाडी सुटली.

रात्री ११.३५
साताऱ्याजवळ जेवणाचा थांबा. मामांचा फोन आला. “डाव्या चाकाला वास मारतोय. ब्रेकला स्टेअरिंग बी थरथरतंय जरा.” मी अंथरुणात होतो. म्हटलं, पॅड नवे आहेत, बसेपर्यंत वास येणारच. यातलं काही खोटं नव्हतं. नव्या पॅडला वास येतो. पण नवे पॅड दोन्ही चाकांना होते आणि वास एकाच चाकाला होता. उजव्या चाकाजवळ जाऊन बघा, एवढं विचारायला हवं होतं. ते मला सुचलं दुसऱ्या दिवशी.

पुढचं सगळं मामांनी नंतर सांगितलेलं.

रात्री १२.४०
खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुण्याकडे जाताना उतार आणि नागमोडी वळण येतं. तिथं ब्रेक दाबल्यावर थरथर स्टेअरिंगमधून खांद्यापर्यंत आली.

रात्री १.४०
कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो बदनाम उतार. थरथर कमी झाली होती. मामांना बरं वाटलं. तिच्या जागी चाकातून टक, टक असा आवाज येत होता, तो त्यांनी रस्त्याच्या सांध्यांवर ढकलला. माझा अंदाज असा की बोल्टची डोकी तुटायला इथंच सुरुवात झाली.

रात्री २.४५
खंडाळा. इथून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरतो. सोळा टनांची गाडी एवढी खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात अडीचशे लिटर पाण्याला सहज उकळी फुटेल. त्यातली काही वाऱ्यात जाते, काही इंजिन आणि रिटार्डर खातात. उरलेली डिस्कवर येते.

रात्री २.५२
तिसऱ्या वळणाला गाडी डावीकडे ओढली. उरलेल्या बोल्टांनी डिस्क सरळ धरली नाही, ती तिरकी होऊन कॅलिपरमध्ये अडकली. मामांनी पाय काढला तरी चाक सुटेना. डिस्क लाल झाली. हबमधलं ग्रीस दोनशे अंशांच्या आसपासच पातळ होऊन गळायला लागतं, इथं तर त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता असणार. ग्रीस बाहेर आलं आणि पेटलं.

रात्री २.५५
क्लीनर जागा होता, म्हणून आज मी हे लिहू शकतो. आरशात त्याला चाकाखाली नारिंगी उजेड दिसला. मामांनी गाडी कडेला घातली, दार उघडलं. क्लीनर प्रत्येक बर्थचा पडदा ओढत मागपर्यंत ओरडत गेला. एक आजी चप्पल शोधत बसल्या होत्या, त्यांना त्यानं उचलून आणलं. आगीची नळकांडी दोन होती. दोन्ही रिकामी झाली. तोवर टायर पेटला होता, आणि टायर पेटला की नळकांड्यानं विझत नाही.

रात्री ३.०३
सत्तावीसच्या सत्तावीस माणसं रस्त्यावर, मामा आणि क्लीनर धरून एकोणतीस. गाडी शेवटपर्यंत जळली. सामान कुणाचंच वाचलं नाही.

सकाळी १०.१५
मी पोचलो तेव्हा विम्याचा सर्व्हेअर आधीच तिथं होता. डावा हब काढून घेतला. बारापैकी सात बोल्टांची डोकी नव्हती. हबच्या फेसवर एका बाजूला नखाएवढा गंजाचा तुकडा दाबून चकचकीत झालेला होता, त्याच्या शेजारची जागा काळी. मी तो तुकडा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटला. सहज निघाला.

सर्व्हेअरनं डिस्कचा न वाकलेला भाग पाहून मायक्रोमीटर लावला आणि वहीत आकडा लिहिला. ४४.९.