डिकीतला बाजार आणि सनदेची पेठ

मँचेस्टरला अगदी खेटून असलेल्या स्टॉकपोर्ट या गावाला बाजार भरवण्याची सनद १२६० साली मिळाली. पुढे पहिला एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या राजपुत्राने ती रॉबर्ट डी स्टॉकपोर्ट या स्थानिक जमीनदाराला दिली. टेकडीवरच्या त्या पेठेत १८६१ साली उभारलेला लोखंड-काचेचा मंडप आजही आहे. योगायोग असा, की सनदी बाजारांतले व्यापारी ज्याच्या नावाने गेली पन्नास वर्षे बोटे मोडत आले, त्या ‘कार बूट सेल’चा उगमही याच गावच्या एका माणसाकडे दाखवला जातो. फादर हॅरी क्लार्क हे स्टॉकपोर्टचे कॅथलिक धर्मगुरू. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात त्यांनी मोटारींच्या डिक्या उघडून चाललेली विक्री पाहिली आणि धर्मादाय कामासाठी निधी जमवायला तोच प्रयोग इंग्लंडात केला, अशी हकीकत सांगितली जाते.

‘बूट’ म्हणजे आपण डिकी म्हणतो ती. रविवारी भल्या पहाटे एखाद्या शेतात, शाळेच्या पटांगणात किंवा शर्यतीच्या मैदानावर मोटारी ओळीने लागतात. संयोजकाला जागेचे थोडे पौंड द्यायचे, डिकीसमोर घडीचे टेबल मांडायचे आणि माळ्यावर धूळ खात पडलेले सामान विकायचे: मुलांना तोकडे झालेले कोट, आजीच्या बशा, वाचून झालेल्या कादंबऱ्या, एक चाक नसलेली खेळण्यातली मोटार. पुण्याचा जुना बाजार डोळ्यांपुढे आणला तर चित्र बरेचसे जुळते. फरक आहे तो विकणाऱ्यात. जुन्या बाजारात पथारी मांडणारा त्यावर पोट भरत असतो. डिकीमागे उभा असलेला माणूस बहुधा पगारदार असतो, माल त्याच्या घरचा असतो आणि विकला गेला नाही तरी त्याची चूल पेटायची राहत नाही. सगळ्या भांडणाचे मूळ या फरकात आहे.

हा प्रकार अगदी आकाशातून पडला नव्हता. चर्चच्या सभागृहात दान आलेल्या जुन्या वस्तू विकण्याची ‘जंबल सेल’ची चाल व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून होती. १९६७ साली ब्यूली इथे लॉर्ड माँटेग्यू यांनी जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार भरवला, त्याला ‘ऑटोजंबल’ असे नाव पडले. पण मुख्य कारण साधे आहे. १९७०च्या सुमारास ब्रिटनमधल्या निम्म्या घरांसमोर मोटार आलेली होती आणि युद्धोत्तर सुबत्तेच्या वीस वर्षांत त्या घरांत वस्तूंची भर पडत गेली होती. माल आणि तो वाहून न्यायचे साधन एकाच दारात आले.

आता सनदेकडे वळू. इंग्लिश कायद्यात बाजार भरवणे हा एक मालकी हक्क आहे. राजाने तो एखाद्या सरदाराला, मठाला किंवा नगराला दिला, की धारकाने बैठकीचे पैसे घ्यावेत, वजनेमापे तपासावीत आणि आपल्या बाजाराजवळ दुसऱ्याने बाजार मांडला तर त्याला कोर्टात खेचावे. आपल्याकडच्या पेठांची शेटेपण-महाजनपणाची वतने ठाऊक असलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. ‘जवळ’ म्हणजे किती, हे तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावर असलेल्या ग्रंथात ठरवून दिले आहे: ६ पूर्णांक २/३ मैल, म्हणजे पावणेअकरा किलोमीटरच्या आसपास. हिशेब असा, की माणसाची दिवसाची चाल वीस मैल. तिचे तीन भाग करायचे. एक भाग बाजाराला जाण्याचा, एक खरेदी-विक्रीचा, एक उजेड असेपर्यंत घरी परतण्याचा. मोटारीला हे अंतर तोडायला पंधरा मिनिटे पुरतात. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज न्यायाधीश डिकीवाल्यांचे खटले पायी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या मापाने मोजत होते.

या नियमात एक मेख होती. या अंतराच्या आत आणि त्याच वारी प्रतिस्पर्धी बाजार भरला, तर सनदधारकाला नुकसान सिद्ध करावे लागत नाही, कायदा ते गृहीतच धरतो. वार वेगळा असेल तर मात्र नुकसान दाखवून द्यावे लागते. १४४८ सालच्या एका कायद्याने रविवारी बाजार आणि जत्रा भरवायला बंदी घातली होती, सुगीचे चार रविवार तेवढे सोडून. म्हणून सनदी बाजारांचे वार मंगळवार, शुक्रवार, शनिवार असे पडले. हा कायदा रद्द झाला १९६९ साली, म्हणजे कार बूट सेल येण्याच्या जेमतेम दोन-तीन वर्षे आधी. दुकानांवर मात्र १९५० सालच्या कायद्याचे निर्बंध कायम होते. बहुतेक दुकानांना रविवारी बंद राहावे लागे आणि ती मोकळीक मिळाली १९९४ साली. मधल्या दोन दशकांत रविवारची सकाळ डिकीवाल्यांना जवळजवळ आंदण मिळाली. रविवारी शेतात पन्नास पेन्सला घेतलेल्या कोटामुळे मंगळवारी आपला कोट विकला गेला नाही, हे कपडे विकणारा न्यायाधीशापुढे कसे सिद्ध करणार?

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९८२च्या एका कायद्यानुसार, जी स्थानिक परिषद ठराव करून ते कलम लागू करील तिच्या हद्दीत पाच किंवा अधिक ठेल्यांचा वा वाहनांचा तात्पुरता बाजार भरवायचा तर महिनाभर आधी कळवावे लागे. धर्मादाय विक्रीला सूट. नियोजनाच्या नियमांत मोकळ्या जमिनीवर परवानगीशिवाय वर्षातून चौदा दिवस बाजार भरवता येई. शेतकऱ्याला हे चौदा रविवार बटाट्यापेक्षा जास्त देऊन जात असतील तर नवल नाही.

व्यापाऱ्यांची तक्रार मालाच्या भावापुरती नव्हती. बाजारातल्या गाळेवाल्याला भाडे, विमा आणि कर चुकत नव्हते, पाऊस असो की बर्फ, ठरल्या दिवशी फळी लावावी लागे आणि विकलेली वस्तू निकृष्ट निघाली तर कायद्याने जबाबदारी त्याची. घरगुती विक्रेत्यावर गुणवत्तेची ती जबाबदारी नाही. या फटीतून खरे व्यापारीच शेतात शिरले. नवी खेळणी, बनावट छापाचे कपडे, चोरून उतरवलेल्या चित्रफिती आणि कुठून आली हे न विचारण्यासारखी हत्यारे डिकीत दिसू लागली. १९८० आणि ९०च्या दशकांत ‘हा चोरबाजार आहे’ हा आरोप सर्रास झाला. २००१ साली केंट आणि मेडवे या दोन परिषदांनी जुन्या मालाचे व्यापारी आणि प्रासंगिक विक्रीचे संयोजक यांच्या नोंदी ठेवण्यासाठी पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदे करून घेतले.

या आरोपातली गंमत मला सांगितल्यावाचून राहवत नाही. चोरीच्या मालाला इंग्लंडात शतकानुशतके जर कशाने संरक्षण दिले असेल, तर ते प्रस्थापित बाजारानेच! रीतसर स्थापन झालेल्या खुल्या बाजारात सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात कोणी सद्‌भावनेने वस्तू विकत घेतली, तर ती चोरीची निघाली तरी मालकी विकत घेणाऱ्याची, असा नियम होता. लंडनच्या बर्मंडसी बाजारात लिंकन्स इनमधून चोरलेली गेन्सबरो आणि रेनल्ड्स यांची चित्रे किरकोळ किमतीला विकली गेली, तेव्हा ओरड झाली आणि जानेवारी १९९५पासून हा नियम गेला. शेतातल्या डिकीवाल्याकडे घेतलेल्या वस्तूला हे कवच कधीच नव्हते.

मग बाजारवाल्यांचे नुकसान झाले की नाही? निकी ग्रेगसन आणि लुईझ क्रू या भूगोलाच्या अभ्यासिकांनी १९९०च्या दशकात हे बाजार पालथे घातले. त्यांचे पुस्तक २००३ साली आले. लोक तिथे केवळ स्वस्ताईसाठी जात नाहीत, घासाघीस, पारख आणि अवचित काही गवसण्याची आशा त्यांना ओढून नेते, असे त्यांना दिसले. ही आशा अगदीच फोल नसते. १९८०च्या दशकात अशाच एका विक्रीत कोणीतरी दहा पौंडांना खोटी समजून अंगठी घेतली आणि कित्येक वर्षे रोज वापरली. तिच्यातला २६ कॅरटचा खडा अस्सल हिरा निघाला आणि २०१७ साली सदबीजमध्ये ६,५६,७५० पौंडांना गेला. असला गिऱ्हाईक मासळीच्या किंवा भाजीच्या ठेल्यावरून पळवलेला नसतो. फटका बसला तो कपडे, खेळणी, काचसामान, हत्यारे आणि जुनी पुस्तके विकणाऱ्यांना.

माझ्या मते खरे नुकसान आणखी खोल आहे आणि ते गल्ल्यात मोजता येत नाही. ब्रिटिश बाजारात नवख्याला शिरायला एक दार होते. सकाळी बाजाराचा अधिकारी फेरी मारी आणि गैरहजर व्यापाऱ्यांच्या जागा त्या दिवसापुरत्या नव्या माणसांना देई. भांडवल थोडे, धोका एका दिवसाचा. बाजारातल्या ठेल्याने केवढी माणसे उभी केली! पोलंडकडून आलेल्या मायकल मार्क्सने १८८४ साली लीड्सच्या कर्कगेट बाजारात पेनीला वस्तू विकायला सुरुवात केली, त्यातून मार्क्स अँड स्पेन्सर झाले. जॅक कोहेनने १९१९ साली पूर्व लंडनमध्ये ठेला लावला, त्यातून टेस्को. १९७२ साली युगांडातून हाकलल्या गेलेल्या आशियाई कुटुंबांपैकीही काहींनी बाजारातल्या फळीवरून सुरुवात केली. हा नवखा माणूस पुढे शेतात जाऊ लागला. तिथे जागा मिळवणे सोपे, पण वर्षानुवर्षे शेजारी बसून धंदा शिकवणारा कोणी नाही आणि पुढच्या रविवारी तीच जागा मिळेल याचा भरवसाही नाही. बाजाराची जुनी पिढी थकली, तेव्हा मागे उभे राहायला माणसे कमी पडली.

त्याच काळात आणखी मोठे वार झाले होते, हे मात्र विसरून चालणार नाही. गावाबाहेरची प्रचंड सुपरमार्केटे, १९९० साली बर्मिंगहॅममध्ये पहिले दुकान उघडलेली जर्मन आल्डी, १९९९ साली ब्रिटनमध्ये आलेले ईबे. २००९ साली हाउस ऑफ कॉमन्सच्या एका समितीने पारंपरिक बाजार टिकेल का, असा प्रश्न अहवालाच्या शीर्षकातच विचारला. शेवटच्या दुकानाने तर डिकीवाल्यांचेही गिऱ्हाईक नेले. जुनी बशी विकायला आता पहाटे चारला उठावे लागत नाही.

सनदा मात्र कागदावरून गेलेल्या नाहीत. ब्रिटनमधल्या अनेक नगरपरिषदांचे आजही ‘बाजार-हक्क धोरण’ असते आणि आपल्या हद्दीत कार बूट सेल भरवायचा तर त्या शुल्क घेऊन परवाना देतात. त्या धोरणांत धर्मादाय विक्रीला बहुधा सूट किंवा नाममात्र शुल्क असते. म्हणजे फादर क्लार्क यांनी भरवली तशी विक्री आज कोणी भरवली तर ती फुकटात किंवा अल्प शुल्कात होईल. तिच्या पोटी जन्मलेल्या बाजाराला मात्र सनदधारकाकडे बैठकीचे पैसे मोजावे लागतील.