रिव्हिएरा

रिव्हिएरा : भूमध्य समुद्राच्या उत्तर काठावरील, आग्नेय फ्रान्स, मोनाको व वायव्य इटली यांमध्ये पसरलेली प्रसिद्ध किनारपट्टी; तसेच तिच्यावरून जगातील अन्य सौम्य हवेच्या व विलासी पर्यटनासाठी ख्यातनाम असलेल्या किनाऱ्यांना दिले जाणारे नाव. मूळ किनारपट्टीत फ्रान्समधील कान, अँतीब, नीस व माँताँ, मोनाकोतील माँटी कार्लो आणि इटलीतील बोर्दिगेरा, सान रेमो, जेनोआ, रापाल्लो व ला स्पेत्स्या ही प्रमुख शहरे मोडतात. सागरी आल्प्स व लिग्यूरियन ॲपेनाइन्स या पर्वतरांगा किनाऱ्याच्या अगदी निकटून गेलेल्या असल्याने उत्तरेकडील थंड वारे अडविले जातात व दक्षिणाभिमुख उतारांना भरपूर ऊन मिळते. त्यामुळे येथील हिवाळा सौम्य असतो. या एका भौगोलिक गुणामुळे प्रदेशाचा इतिहास पालटला आणि त्याबरोबर त्याच्या नावाचा अर्थही पालटत गेला.

व्युत्पत्ती : लॅटिनमध्ये ‘रीपा’ म्हणजे काठ अथवा तीर. त्यापासून ‘काठाशी संबंधित’ या अर्थी ‘रीपारिया’ हे विशेषण झाले व त्यातून निरनिराळ्या रोमान्स भाषांत सजातीय शब्द निर्माण झाले. इटालियन ‘रिव्हिएरा’, स्पॅनिश ‘रिबेरा’ व पोर्तुगीज ‘रिबेइरा’ या शब्दांत काठाचा अर्थ टिकून राहिला. फ्रेंच ‘रिव्ह्येर’ मात्र काठावरून प्रवाहाकडे सरकला व नदी या अर्थी रूढ झाला. इंग्रजीतील ‘रिव्हर’ हा शब्द या फ्रेंच शब्दापासूनच आलेला आहे. मराठीतील ‘तीर’ व ‘काठ’ हे शब्द ज्याप्रमाणे नदी, तळे व समुद्र या सर्वांना चालतात, त्याप्रमाणे इटालियन शब्दालाही समुद्राचेच बंधन नव्हते. पॅड्युआ व व्हेनिस यांदरम्यान ब्रेंता नदीच्या काठी व्हेनिसच्या सरदारांनी बांधलेल्या हवेल्यांचा पट्टा ‘रिव्हिएरा देल ब्रेंता’ म्हणून ओळखला जातो. स्वित्झर्लंडच्या तिचीनो परगण्यात तर समुद्राचा लवलेशही नसलेल्या एका डोंगराळ खोऱ्यालाच रिव्हिएरा असे नाव आहे.

या शब्दकुलातील पोर्तुगीज शब्द गोव्यापर्यंत पोहोचला होता. लिस्बनमध्ये तेजू नदीच्या काठी जहाजबांधणी चाले त्या जागेस ‘रिबेइरा’ म्हणत. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर जुन्या गोव्यात मांडवी नदीच्या काठी जी राजकीय गोदी उभी राहिली, तिलाही तेच नाव मिळाले. काठाचा वाचक असलेला हा शब्द अशा रीतीने श्रमाच्या जागेचा वाचक झाला होता. इटलीत त्याचा प्रवास निराळ्या दिशेने झाला.

जेनोआची रिव्हिएरा : मध्ययुगापासून जेनोआच्या प्रजासत्ताकाने लिग्यूरियाचा किनारा क्रमाक्रमाने आपल्या अंमलाखाली आणला. जेनोआ शहर मध्यभागी धरून त्याच्या पूर्वेकडील, म्हणजे सूर्य उगवतो त्या बाजूच्या किनाऱ्यास ‘रिव्हिएरा दि लेव्हान्ते’ व पश्चिमेकडील, सूर्य मावळतो त्या बाजूच्या किनाऱ्यास ‘रिव्हिएरा दि पोनेंते’ असे म्हणत. ही नावे निसर्गसौंदर्याची निदर्शक नसून राज्यकारभारातील होती. राजधानीचा अधिकार मानणारा, तिला खलाशी, तेल व कर पुरविणारा किनारा, असा त्यांचा व्यावहारिक अर्थ होता. हा अधिकार किती कठोर असू शके याचे उदाहरण म्हणजे साव्होना. व्यापारात प्रतिस्पर्धी ठरू पाहणाऱ्या या शहराचे बंदर जेनोआने १५२८ मध्ये बुजवून टाकले.

तत्कालीन प्रवाशांना हा प्रदेश रमणीय वाटत नसे. डोंगर थेट समुद्रात उतरत असल्याने खुष्कीचा मार्ग बिकट होता व प्रवासी शक्यतो होडीने जात. शुद्धिलोकाच्या पर्वताचा दुर्गम कडा वर्णन करताना दान्तेने तुलनेसाठी लेरीची व तुर्बिया यांमधील याच किनाऱ्यावरील वाटेचा उल्लेख केला आहे. रहिवासी मासेमारी व नौकानयन करीत आणि उतारांवर दगडी बांध रचून ऑलिव्ह, द्राक्षे व लिंबे पिकवीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. आज रिव्हिएरा म्हटल्यावर जी शहरे प्रथम आठवतात, त्यांपैकी नीस व कान जेनोआच्या रिव्हिएरात नव्हतीच. नीसने १३८८ मध्ये सॅव्हॉयच्या सत्तेचा स्वीकार केला होता, तर कान हे प्रॉव्हान्समधील गाव असून प्रॉव्हान्स १४८१ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे गेला. जेनोआचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपुष्टात आले व व्हिएन्ना परिषदेने १८१५ मध्ये त्याचा प्रदेश सार्डिनियाच्या राज्यास जोडला. ज्या सत्तेने हे नाव प्रचारात आणले ती सत्ताच नाहीशी झाल्यावर नाव मोकळे झाले आणि परकीय प्रवाशांनी ते पश्चिमेकडे लांबविले.

आरोग्यस्थान : स्कॉटिश कादंबरीकार व वैद्य टोबायस स्मॉलेट हा १७६३–६५ या काळात प्रकृतीसाठी नीस येथे राहिला. त्याच्या १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनामुळे तेथील हिवाळ्याची इंग्रज वाचकांस ओळख झाली. पुढे लॉर्ड ब्रूम हा ब्रिटिश मुत्सद्दी १८३४ मध्ये इटलीकडे जात असता पटकीच्या साथीमुळे सरहद्दीवर अडला व जवळच्या कान या मच्छीमारांच्या गावी थांबला. त्याने तेथे घर बांधले व त्याच्यामागून इंग्रज धनिक येऊ लागले. इटालियन देशभक्त जोव्हान्नी रूफीनी याच्या इंग्रजीत लिहिलेल्या डॉक्टर अँटोनिओ (१८५५) या कादंबरीने बोर्दिगेरा हे गाव असेच प्रसिद्धीस आणले. जेम्स हेन्री बेनेट हा इंग्रज डॉक्टर १८५९ मध्ये क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत माँताँ येथे आला आणि बरा झाला. येथील हिवाळी हवेवर त्याने लिहिलेल्या ग्रंथाने रिव्हिएरा या शब्दाला वैद्यकीय वजन प्राप्त झाले. उत्तर यूरोपातील रुग्णांच्या दृष्टीने तो आता आशेचा शब्द होता. मात्र सर्वांचीच आशा फळास येत नसे. माँताँच्या जुन्या स्मशानभूमीत तरुण वयात मरण पावलेल्या कितीतरी परदेशी रुग्णांची थडगी आहेत.

तूरिनच्या तहाने १८६० मध्ये नीस फ्रान्सला मिळाले व किनारपट्टीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सरहद्द आली. त्यामुळे ‘फ्रेंच रिव्हिएरा’ व ‘इटालियन रिव्हिएरा’ अशी विभागणी रूढ झाली. लोहमार्ग १८६४ मध्ये नीसला पोहोचला व १८७२ मध्ये तो किनाऱ्याने जेनोआपर्यंत सलग झाला. मोनाकोच्या राजघराण्याने १८६१ मध्ये माँताँ व रोकब्रून यांवरील हक्क फ्रान्सला विकले. उरलेल्या चिमुकल्या राज्यास उत्पन्न मिळावे म्हणून फ्रान्स्वा ब्लाँ याच्याकडे १८६३ मध्ये जुगारगृहाची सूत्रे सोपविण्यात आली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८८२ मध्ये माँताँ येथे व पुढे अनेकदा या किनाऱ्यावर येऊन राहिली. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच क्षयाच्या जंतूचा शोध लावल्यावर या रोगाच्या संसर्गाची जाणीव पसरली आणि क्षयरुग्णांचा ओघ डाव्होससारख्या पर्वतीय आरोग्यधामांकडे वळू लागला. रुग्णांची जागा हळूहळू सुखवस्तू पाहुण्यांनी घेतली.

फ्रेंचांनी स्वतः मात्र हे इटालियन नाव फारसे स्वीकारले नाही. स्तेफाँ लिएझार या लेखकाने १८८७ मध्ये कोत दाझ्यूर, म्हणजे ‘निळा किनारा’, या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला व तेच नाव फ्रान्समध्ये रूढ झाले. एकाच किनाऱ्याची ही दोन्ही प्रचलित नावे पाहुण्यांच्या दृष्टीतून घडली आहेत, हे लक्षणीय होय.

हिवाळ्याकडून उन्हाळ्याकडे : पहिल्या महायुद्धापर्यंत येथील हंगाम हिवाळ्याचा असे व उन्हाळ्यात मोठी हॉटेले बंद राहत. अँतीब येथील ‘ऑतेल द्यु काप’ हे हॉटेल १९२३ मध्ये काही अमेरिकन पाहुण्यांसाठी उन्हाळ्यातही उघडे ठेवण्यात आले. उन्हाने रापलेली कातडी पूर्वी कष्टकऱ्यांची खूण समजली जाई. ती आता सुखवस्तूपणाचे लक्षण ठरली आणि सूर्यस्नान व पोहणे ही मुख्य आकर्षणे झाली. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली व सामान्य कुटुंबेही या किनाऱ्यावर येऊ लागली. कान येथे १९४६ पासून भरू लागलेल्या चित्रपट महोत्सवाने या नावाभोवतीचे वलय आणखी वाढविले.

सामान्यनाम म्हणून प्रसार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इतर किनारे या नावावर हक्क सांगू लागले. आज क्रोएशियात असलेले ओपातिया हे त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. रेल्वे कंपनीने १८८४ मध्ये तेथे हॉटेल उघडले व तो भाग ‘ऑस्ट्रियन रिव्हिएरा’ म्हणून गाजला. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १९०४ मध्ये लंडन–पेन्झॅन्स गाडी सुरू केली. तिला लवकरच ‘कॉर्निश रिव्हिएरा’ हे नाव मिळाले. इटलीपर्यंत जाण्यापेक्षा मायदेशातील कॉर्नवॉलला जा, असा प्रचार कंपनी भित्तिपत्रकांतून करीत असे. क्रोएशियन भाषेत ‘रिव्हियेरा’ हा शब्द पर्यटनासाठी विकसित केलेला किनारा या अर्थी सामान्यनाम बनला आहे. मेक्सिकोतील कानकूनच्या दक्षिणेकडील कॅरिबियन किनाऱ्यास १९९० नंतरच्या दशकात ‘रिव्हिएरा माया’ असे नाव देण्यात आले. जाहिरातीसाठी घडविलेल्या या नावात लॅटिन काठ व तेथील मूळ रहिवाशांचे जातिनाम यांची सांगड घातलेली दिसते. अशा ठिकाणी शब्दाचा अर्थ काठ नसून काठाची किंमत असा होतो.

परिणाम : ही किंमत मूळ किनाऱ्यालाही मोजावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर रिव्हिएरा दि लेव्हान्तेवरील रापाल्लो येथे इतकी बेसुमार बांधकामे झाली, की त्या गावावरून इटालियनमध्ये ‘रापाल्लित्सात्स्योने’, म्हणजे अविवेकी इमारती उभारून किनारा विद्रूप करणे, हा नवा शब्दच रूढ झाला. रिव्हिएरा या नावाला मिळालेले हे त्याच किनाऱ्यावरचे प्रत्युत्तर म्हणता येईल. इटलीने १९८५ च्या कायद्याने समुद्रापासून ३०० मी. पर्यंतचा पट्टा संरक्षित ठरविला. फ्रान्सने १९८६ च्या कायद्याने वस्तीबाहेरील किनाऱ्यावर १०० मी. च्या पट्ट्यात नव्या बांधकामांस सर्वसाधारणपणे मनाई केली. परंतु तोवर बराच किनारा बांधून झाला होता.

ज्या भागात बांधकाम झाले नाही, तेथे वेगळाच प्रश्न उभा राहिला. ला स्पेत्स्याच्या वायव्येस असलेली चिंक्वे तेर्रे ही पाच गावे व त्यांच्या पायऱ्यापायऱ्यांची शेते यांना १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ही शेते बिनचुन्याच्या दगडी बांधांवर टिकून असतात व बांधांची दरवर्षी डागडुजी करावी लागते. तरुण पिढी शेती सोडून अन्य व्यवसायांकडे वळल्याने पुष्कळ बांध ढासळले. २५ ऑक्टोबर २०११ रोजीच्या अतिवृष्टीत मोंतेरोस्सो व व्हेर्नाझ्झा या गावांवर पूर व दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. पडीक शेतांवरून सुटलेल्या मातीने व दगडांनी तिची तीव्रता वाढविली. त्यानंतर बांध पुन्हा रचण्याच्या कामास व त्यासाठी स्थानिक कारागीर तयार करण्यास अधिक महत्त्व आले आहे. पर्यटक जो किनारा पाहण्यासाठी येतात, तो रिव्हिएरा हे नाव केवळ काठाचे होते त्या काळापासून तेथील शेतकऱ्यांनी दगडावर दगड ठेवून घडविलेला आहे.