हॉक्स नेस्टचा बोगदा

शनिवारी सकाळी शेजारच्या फ्लॅटमधल्या ग्राइंडरने झोपमोड केली. किचनच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कापत होते. कापणारा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, तोंडाला फक्त रुमाल. मला एकदम हॉक्स नेस्ट आठवलं.

१९३० साल, अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया राज्य, मंदीचे दिवस. गॉली ब्रिज गावाजवळ डोंगरातून नदीचं पाणी वळवून वीज करायची म्हणून सुमारे ५ किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला. काम युनियन कार्बाइडचं. (हो, ५४ वर्षांनंतरच्या भोपाळवाली तीच!) पोटासाठी हजारो मजूर आले, बरेचसे दक्षिणेतले कृष्णवर्णीय. दगड निघाला जवळजवळ शुद्ध सिलिका. कंपनीच्या धातूच्या कारखान्याला तीच हवी होती, म्हणजे लॉटरीच!

पाणी मारत ड्रिल केलं की धूळ बसते, हे तेव्हाही माहीत होतं. पण कोरडं ड्रिलिंग भराभर होतं. मग काय, बहुतेक काम कोरडंच झालं, तेही मजुरांना मास्क न देता.

सिलिकाचे अतिबारीक कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि मरतात, कण पुन्हा मोकळे. प्रत्येक फेरीत थोडा व्रण वाढतो. थोडक्यात, इनफिनिट लूप. काम सोडलं तरी तो थांबत नाही. हाच सिलिकोसिस. एरवी तो व्हायला कित्येक वर्षं लागतात, इथे काही महिन्यांत माणसं धाप लागून मेली. कंपनीच्या डॉक्टरांनी नाव दिलं ‘टनेलायटिस’!

मेले किती? तिथल्या स्मारकफलकावर १०९ हा आकडा होता. १९८६ मध्ये मार्टिन चेर्नियॅक या डॉक्टरने हिशोब मांडला, तो निघाला ७६४. फरक एवढा का? कारण आजारी मजूर आपापल्या गावी गेले आणि तिथे मेले. कागदावर बऱ्याचदा न्यूमोनिया नाहीतर टीबी लागला. सिस्टिम क्रॅश झाली की सगळे धावतात. पण बग वर्षभराने, दुसऱ्याच गावात उगवला तर लॉगमध्ये येतच नाही.

१९३६ मध्ये अमेरिकन संसदेत याची सुनावणी झाली, गाजावाजा झाला, त्या काळात अनेक राज्यांनी सिलिकोसिसला भरपाईच्या कायद्यात जागा दिली. पण त्या मजुरांपैकी बहुतेकांना त्याचा काही उपयोग नव्हता.

असो. मी शेजारी गेलो आणि म्हटलं, "दादा, पाणी मारून कापा ना." तो हसला. "साहेब, चिखल होतो, मालक ओरडतात."

मालकांशी बोललो. दुपारी बादली आली. मास्क मात्र अजून यायचाय.